कुकरची वाफ जिरेपर्यंत : कोथरूडमधलं एक घर रिकामं होताना

कोथरूडमध्ये १९८० च्या दशकात उभ्या राहिलेल्या सोसायट्या आता एकेक करून पुनर्विकासाला जात आहेत. तीन मजले, लिफ्ट नाही, खाली स्कूटर लावायला जेमतेम जागा आणि वर राहणारे बहुतेक सगळे सत्तरीच्या पुढचे. माझ्या मावशीची सोसायटी त्यातलीच. घरात मावशी आणि काका दोघंच. मुलगा नोकरीनिमित्त न्यू जर्सीत, मुलगी लग्न होऊन नाशिकला. मी पुण्यातच राहते, त्यामुळे हाताशी असलेली भाची म्हणून माझी नेमणूक आपोआप झाली.

पुनर्विकासात घर कधी रिकामं करायचं हे कोणी सुरुवातीला सांगत नाही. सर्वसाधारण सभा, वास्तुविशारद, निविदा, बिल्डरची निवड, नोंदणीकृत करार, महापालिकेची मंजुरी. ४ जुलै २०१९ च्या शासननिर्णयाने ही वाट घालून दिली आहे आणि तिच्या प्रत्येक पायरीवर महिने जातात. म्हणजे वेळ भरपूर असतो, पण तारीख दिसत नाही म्हणून कोणी हलत नाही. तारीख पडली की मग थोड्याच दिवसांत चावी द्यायची असते. मावशीच्या इमारतीतल्या बहुतेक घरांचं शेवटी तेच झालं. मावशीचं घर मात्र मार्गशीर्षात सुरू करून पावसाळ्याच्या तोंडावर सावकाश रिकामं झालं. ते कसं झालं, कुठे अडलं आणि कशामुळे सुटलं, याची ही नोंद.

खरी अडचण भाड्याचं घर बघताना समजली. जुन्या घरात स्वयंपाकघराच्या वर, बाथरूमच्या वर आणि पॅसेजच्या वर असे तीन माळे होते. नव्या फ्लॅटमध्ये माळा बहुधा नसतोच; असलाच तर पीओपीच्या छतामागे झाकलेला. बिल्डर देणार होता त्या भाड्यात त्याच भागात एका बेडरूमचं घर मिळत होतं. पॅकर्सचा माणूस सामानाचा अंदाज घ्यायला आला. पलंगाच्या पेट्या उघडून, माळ्यांकडे मान वर करून बघून म्हणाला, "सतरा फुटी गाडी लागेल, आणि तरी थोडं राहील." सतरा फुटी गाडीतलं सामान एका बेडरूमच्या घरात कुठे ठेवायचं, हा प्रश्न त्याचा नव्हता.

घरात काय होतं

मावशीचं घर पसारा असलेलं घर नव्हे, हे आधी सांगायला हवं. कुठे धूळ नाही, कुठे काही लोंबकळत नाही. दर दसरा-दिवाळीला सगळे माळे रिकामे व्हायचे, डबे घासले जायचे, फळ्यांवर नवे कागद पडायचे आणि पुसलेली प्रत्येक वस्तू पुन्हा जागेवर जायची. चाळीस वर्षं नेमाने सफाई झाली आणि त्यातून घराबाहेर काहीच गेलं नाही. दिवाळीची सफाई मुळात धुळीविरुद्ध असते, सामानाविरुद्ध नसते.

तर या स्वच्छ घरात काय काय निघालं? तांब्याचा बंब, पितळी घंगाळ, तीन कळश्या, सत्यनारायणाचा चौरंग, पाळणा. राज्यात २०१८ साली थर्माकोलवर बंदी आली, त्याच्या आधीच्या मखराचे रंगवलेले खांब. मुलाची अभियांत्रिकीची पुस्तकं, ड्राफ्टर आणि ड्रॉइंग बोर्ड. मुलीचा भरतनाट्यमचा पोशाख, घुंगरांसकट. टीव्हीचा, मिक्सरचा, आणि कधीच मोडीत गेलेल्या टेपरेकॉर्डरचा रिकामा खोका, "दुरुस्तीला पाठवायचा झाला तर". पलंगाच्या पेट्यांत पाहुण्यांसाठी जादा गाद्या, देण्याघेण्याच्या साड्या, ब्लाउजपिसांची दोन गाठोडी. फडताळात श्रीखंडाचे डबे एकात एक, आणि संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून आलेली इतकी प्लास्टिकची डबडी, गाळणी, साबणदाण्या आणि चमच्यांची स्टँड, की त्यावर एखादं छोटं दुकान निघालं असतं.

एका रविवारी

पहिला प्रयत्न दणक्यात झाला. मावसबहीण आणि तिचे यजमान नाशिकहून आले. एका दिवसात काय ते उरकून टाकायचं असं ठरलं. एका माणसाला शिडीवर चढवून पॅसेजचा माळा पूर्ण खाली उतरवला. अकरा वाजेपर्यंत हॉलमध्ये पाय ठेवायला जागा उरली नाही. जावई एकेक वस्तू वर धरून विचारायचे, "हे हवंय? आणि हे?" पहिला तासभर मावशी नीट विचार करून उत्तरं देत होती. मग उत्तरं लहान होत गेली आणि जेवणानंतर प्रत्येक वस्तूला एकच उत्तर यायला लागलं : "ठेव." काका आतल्या खोलीत जाऊन दार लोटून बसले.

संध्याकाळी मंडळी नाशिकला परतली, सोमवारी दोघांनाही ऑफिस होतं. ढीग हॉलमध्येच राहिला. पुढचे काही दिवस मावशी त्या ढिगातून वाट काढत देवापुढे दिवा लावायला जायची. शेवटी पाहुणे येणार म्हणून त्याच माणसाला पुन्हा बोलावलं आणि जवळजवळ सगळं परत वर गेलं. चढवायचे-उतरवायचे पैसे गेले, मावशीचं बीपी वाढलं आणि घरात "आवरायचं" हा शब्दच नकोसा झाला.

या रविवारी काय बिघडलं ते बघण्यासारखं आहे. हात कमी नव्हते, उचलायला चार माणसं होती. पण ठरवणारी एकटी मावशी. "हे ठेवायचं की द्यायचं" हा निर्णय दुसरं कोणी घेऊ शकत नाही, आणि पंचाहत्तरीच्या बाईने असे निर्णय सलग किती घ्यायचे याला मर्यादा आहे. (पंचेचाळिशीच्या बाईलाही आहे, पण तो वेगळा विषय.) ती मर्यादा संपली की माणूस "ठेव" म्हणतो, कारण "ठेव" म्हणायला विचार करावा लागत नाही.

कुकर

पुढची युक्ती मावशीचीच. "मला रोज थोडं थोडं करू दे. कुकर लावते ना, तेवढ्यात जेवढं होईल तेवढं." सकाळी वरणभाताचा कुकर चढवायचा आणि एक खण किंवा एक डबा किंवा एक पिशवी घेऊन बसायचं. शिट्ट्या होतात, गॅस बंद होतो, वाफ जिरते. सगळं मिळून पाऊण तासाच्या आतलं काम. वाफ जिरली की उठायचं, हातातलं अर्धं राहिलं असलं तरी. हे उठणं फार महत्त्वाचं ठरलं. आज बरं चाललंय तर अजून एक खण करू, असा मोह पहिल्या आठवड्यात मावशीला झाला तेव्हा दुसऱ्या दिवशी तिने काहीच केलं नाही. नंतर ती घड्याळाकडे न बघता कुकरकडे बघायला लागली.

जमिनीवर एक जुनी सतरंजी अंथरायची आणि तिच्यावर मावेल तेवढंच बाहेर काढायचं. माळ्यावरचं सामान उतरवायला शनिवारी माणूस यायचा, पण एका वेळी दोनच बोचकी. आणि माळ्यावरून उतरलेलं परत वर जायचं नाही. हा एकच नियम मी लादला; बाकी सगळं तिच्या मर्जीने.

सुरुवात मुद्दाम अशा वस्तूंपासून केली ज्यांच्याशी कोणाच्या आठवणी जोडलेल्या नाहीत. औषधांचा डबा, प्लास्टिकच्या पिशव्यांनी भरलेली पिशवी, बाटल्या नसलेली झाकणं, मिठाईचे खोके. मुदत संपलेल्या गोळ्या घरगुती घातक कचऱ्यात येतात, ओल्या-सुक्यात टाकायच्या नसतात. त्या वेगळ्या पिशवीत बांधून, वर लिहून दिल्या. हे पहिले दिवस सोपे गेले आणि सोपे जायलाच हवे होते. रोज काहीतरी दाराबाहेर जातंय हे घराला बघायची सवय लागली.

सतरंजीच्या तीन कडांना तीन ढीग. जायचं, राहायचं, विचारायचं. प्रकरणाला कलाटणी मिळाली ती या तिसऱ्या ढिगामुळे.

मालक गावाला

पंधरवड्याभरात "जायचं" रोज रिकामं होत होतं, "राहायचं" जागेवर जात होतं आणि "विचारायचं" कोपऱ्यात वाढत वाढत खिडकीच्या उंचीला आलं. मी एका दुपारी तो ढीग उपसला तेव्हा ध्यानात आलं की त्यात मावशीचं स्वतःचं जवळजवळ काहीच नाही. मुलाची पुस्तकं, मुलीचा पोशाख, नणंदेने परदेशी जाताना "सहा महिन्यांसाठी" ठेवलेली सुटकेस, दिराच्या वाटणीत आलेलं पण कधी न नेलेलं घंगाळ, शेजारच्या बदली होऊन गेलेल्या कुटुंबाचा पोळपाट. घरातल्या निम्म्या वस्तूंचे मालक घरात राहतच नव्हते. मावशी-काका त्या सामानाचे राखणदार होते, आणि राखणदाराला विकायचा हक्क नसतो.

सामान कमी करण्याबद्दल जे काही वाचायला मिळतं त्यात प्रश्न असतो तो "तुम्हाला हे हवं आहे का?" असा. आपल्याकडच्या थोरल्या घरांत तो प्रश्नच लागू पडत नाही. तिथे विचारायचं ते हे की ही वस्तू कोणाची, आणि ती बाहेर काढायचा अधिकार कोणाला?

मग मालकांना विचारायला सुरुवात झाली. कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो टाकून मावशी लिहायची, "टाकू का?" न्यू जर्सीहून उत्तर यायचं, "नको गं आई, असू दे ना, बघू आल्यावर." मुलाचंही चुकत नव्हतं. आठ हजार मैलांवर बसून आपल्या कॉलेजच्या पुस्तकांना "टाक" म्हणणं जड जातं आणि "असू दे" म्हणायला काही लागत नाही, कारण जागा आईची जाते.

प्रश्न बदलला तसं उत्तर बदललं. "टाकू का?" च्या जागी मी तिला लिहायला सांगितलं, "पुढच्या खेपेला येशील तेव्हा बॅगेत नेशील का? वजन अकरा किलो आहे." विमानात तेवीस किलोच्या दोन बॅगा मिळतात आणि त्यात चकलीची भाजणी, मेतकूट, गोडा मसाला, मुलांचे कपडे आधीच ठरलेले असतात. दहा मिनिटांत उत्तर आलं : "देऊन टाक. फक्त ड्राफ्टर ठेव." ड्राफ्टर ठेवला, पुस्तकं गेली. नाशिकला विचारलं, "पोशाख कधी नेतेस?" ती पुढच्याच शनिवारी आली आणि घेऊन गेली, तिच्या मुलीला तो अंगाला बसत नाही, पण तो आता तिच्या घरातला प्रश्न आहे. नणंदेच्या सुटकेसला फोनवर उत्तर मिळालं, "अगं, ती अजून आहे?" तिला तर सुटकेस आठवतही नव्हती. आत लोकरीचे कपडे होते, बहुतेक कसरीने खाल्लेले.

ज्यांना विचारायला कोणी उरलंच नव्हतं, त्या वस्तू सर्वांत अवघड गेल्या. सासूबाईंची नऊवारी लुगडी मावशीने बराच काळ बाजूला ठेवली आणि शेवटी सुती लुगडी गोधडी शिवणाऱ्या बाईंकडे दिली. दोन गोधड्या झाल्या, एक नाशिकला आणि एक माझ्याकडे.

नाव घातलेली भांडी

सगळ्यात जास्त वेळ भांड्यांनी खाल्ला आणि त्याबद्दल मला अजिबात तक्रार नाही. स्टीलच्या आणि पितळेच्या भांड्यांवर नावं घातलेली असतात हे तरुण वाचकांना सांगावं लागेल : दुकानदार मशिनने ठिपक्याठिपक्यांनी काठाजवळ नाव कोरून द्यायचा, कोणाकडून कोणाला आणि तारीख. मावशीच्या मोठ्या परातीवर तिच्या मामांचं नाव, लग्नाची तारीख आणि शेवटी "सप्रेम भेट". कुकर गॅसवर आणि मावशी परात उजेडाकडे धरून तिरकी करून वाचतेय. चष्मा पुसला, पुन्हा वाचलं. मग मामा कोण, ते बार्शीहून कसे आले, परात गाडीत कशी मांडीवर घेऊन बसले होते. त्या दिवशी सतरंजीवर एकच परात होती. दुसऱ्या दिवशी दोन तांबे.

मला घाई होती, तिला नव्हती, आणि तिचंच बरोबर निघालं. गोष्ट सांगून झाली की भांडं द्यायला ती तयार व्हायची. गोष्ट न सांगता उचललेलं भांडं दोन दिवसांनी परत फडताळात दिसायचं. शिवाय नावांमुळे देण्याची एक वाट सापडली. मामांच्या नातीने नुकतंच वाकडला घर घेतलं होतं. परात तिला दिली. कोरलेलं नाव तिच्या आजोबांचं होतं, त्यामुळे तिलाही ती जुनी वस्तू गळ्यात पडल्यासारखी वाटली नाही. अशी पाच-सहा भांडी देणाऱ्यांच्याच घरी परत गेली.

ज्यांच्या वाटेला कोणी नव्हतं ती मोडीत गेली. तांब्याला भंगारात पितळेपेक्षा जास्त भाव असतो, पितळेला ॲल्युमिनियमपेक्षा, आणि स्टील बरंच खाली. बंब घरातल्या घरात विकायला गेलो तर भंगारवाला तांबं-लोखंड एकत्र धरून भाव सांगतो, कारण बंबाच्या आत लोखंडी जाळी असते. काकांनी ती सोडवून वेगळी केली. ठोक्याची पातेली आणि कळश्या काकांनी स्वतः रविवार पेठेत बोहरी आळीला नेऊन, वजन डोळ्यांदेखत करून, मोडीत दिल्या. एक कळशी तेवढी त्यांनी कल्हई करून परत आणली. मावशीने विचारलं, "ही कशाला?" ते म्हणाले, "पाणी पितो ना आपण."

रात्री पिशवीतून परत येणाऱ्या वस्तू

काकांबद्दल सांगायलाच हवं. त्यांच्या खणात स्क्रू, वायरचे तुकडे, जुने रेग्युलेटर, होल्डर, मोडक्या छत्रीच्या काड्या आणि एकाही कुलपाला न लागणाऱ्या किल्ल्या होत्या. ते विरोध करत नव्हते. फक्त रात्री सगळे झोपल्यावर "जायचं" पिशवीतून दोन-चार वस्तू उचलून परत ठेवत. मावशीने एक प्लग तिसऱ्यांदा बाहेर काढला तेव्हा हे उघडकीला आलं.

त्यावर भांडण न करता एकच बदल केला : पिशवी रात्रभर घरात ठेवायची नाही. सकाळी जे निघालं ते दुपारी कचरा-रद्दीवाल्यांची वेळ होण्याआधी खाली. काकांचा खण मात्र त्यांच्यावर सोडला. त्यांना एक पत्र्याचा डबा दिला आणि सांगितलं की यात मावेल ते तुमचं, त्यात कोणी हात घालणार नाही. डबा दोनदा भरून रिकामा झाला आणि तिसऱ्यांदा त्यांनी स्वतःच निवड केली. किल्ल्या तेवढ्या सगळ्या ठेवल्या आहेत. का, ते विचारू नये.

जातात कुठे

रोज थोडं काढणं जमलं तरी ते रोज कुठेतरी जायला हवं, नाहीतर दाराशी नवा माळा तयार होतो. पुण्यात याची सोय इतर शहरांपेक्षा बरी आहे. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना १९९३ पासून इथे काम करते आणि तिच्यातून निघालेल्या स्वच्छ या सहकारी संस्थेचे सदस्य २००८ पासून महापालिकेशी झालेल्या कराराने घरोघरी कचरा घेतात. मावशीच्या इमारतीत येणाऱ्या ताईंना आधी सांगून ठेवलं की रोज थोडी सुकी पिशवी जास्त असेल. त्यांना ते सोयीचं पडलं. एकदम वीस पोती दिली असती तर त्यांना हातगाडीवर नेताच आली नसती.

जुन्या साड्यांसाठी बोहारीण येत असे. जुन्या इमारतीला वॉचमन नसल्याचा हा फायदा, नव्या सोसायट्यांत तिला गेटच्या आत सोडत नाहीत. साडी उलटी करून, काठ बोटांत चोळून, उजेडात धरून ती भोक शोधते आणि मग चार साड्यांना एक टोप असा सौदा सुरू होतो. अडचण एवढीच की साड्या जातात आणि टोप घरात येतो. मावशीने शेवटी टोप नाकारून नुसते पैसे घेतले; बोहारणीला हे इतकं नवीन होतं की तिने ते दोनदा विचारून घेतलं. जरीच्या जुन्या शालूंचा हिशोब वेगळा. त्यातली जर खरी असेल तर चांदीसाठी घेणारे लोक आहेत, त्यामुळे ते बोहारणीला न देता वेगळे काढले.

दानाबद्दल एक स्पष्ट बोलायला हवं. घरातलं नको असलेलं सगळं कामाच्या बाईंना देऊन आपण मोकळे होतो आणि वर पुण्यही पदरात पाडून घेतो. मावशीकडे येणाऱ्या बाईंनी वाणाची डबडी दिल्यावर सरळ सांगितलं, "ताई, माझी खोली दहा बाय दहाची आहे, मी कुठे ठेवू?" त्यांना हवे होते ते मोठे घट्ट झाकणाचे डबे आणि एक चांगली गादी. ते दिलं. बाकी डबडी सुक्या कचऱ्यात गेली, जिथे ती जायलाच हवी होती.

जादा गाद्या कापसाच्या होत्या. पिंजाऱ्याने कापूस पिंजून त्यातून दोन नव्या, पातळ गाद्या करून दिल्या. फोमच्या गादीला मात्र कोणी हात लावत नाही, ती शेवटपर्यंत पडून राहिली. एक्स-रेच्या जुन्या फिल्म रद्दीत देऊ नयेत, त्यात चांदीचा अंश असतो आणि त्या घेणारे वेगळे असतात. देवांच्या फुटक्या काचेच्या तसबिरी पिंपळाखाली ठेवून यायची पद्धत आहे. ती काच कोणाच्या तरी पायात जाते. मावशीने उत्तरपूजा केली, अक्षता वाहिल्या आणि मग काकांनी काच, लाकूड, कागद वेगळं केलं. नाशिकमध्ये अशा तसबिरी आणि मूर्ती जमा करून त्यांचा पुनर्वापर करणारी संस्था आहे हे मावसबहिणीने सांगितल्यावर मावशीचा जीव अजून थोडा हलका झाला.

कागद

कागदांना कुकरचा नियम लावला नाही. तो लावला असता तर घात झाला असता. वस्तू चुकून गेली तर हळहळ वाटते, पण कागद चुकून गेला तर पुनर्विकासाचा करारच अडतो. म्हणून कागद वेगळे, दुपारी, खिडकीशी, काका आणि मी मिळून.

वीज बिलांच्या गठ्ठ्यात महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाची बिलं होती. मंडळाची जून २००५ मध्ये वेगवेगळ्या कंपन्यांत विभागणी झाली, म्हणजे त्यांचं वय कळलंच. ती गेली. पावत्या, जुने पासबुक, बंद झालेल्या खात्यांची चेकबुकं फाडून गेली. नाव-पत्ता-खाते क्रमांक असलेला कागद अख्खा रद्दीत देऊ नये, त्यात कोणीतरी दाणे बांधून देतं. सोसायटीचं मूळ शेअर सर्टिफिकेट फाइलमध्ये होतं, पण फ्लॅटचा मूळ करारनामा सापडेना. नव्या घराचा करार करताना तो लागतो, त्यामुळे दोन दिवस घरात सुतक असल्यासारखं वातावरण होतं. तो निघाला पलंगाच्या पेटीत, लग्नाच्या अल्बमच्या पानांत, "सुरक्षित राहावा म्हणून".

तिथेच एका लखोट्यात काकांनी नोकरीत असताना घेतलेल्या दोन कंपन्यांचे कागदी शेअर मिळाले. १ एप्रिल २०१९ पासून कागदी शेअर विकून दुसऱ्याच्या नावावर करता येत नाहीत, आधी डीमॅट, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्वरूपात, करावे लागतात. आणि सलग सात वर्षं लाभांश कोणी घेतला नसेल तर ते शेअर केंद्र सरकारच्या गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीकडे वर्ग होतात. तिथून परत मिळतात, पण अर्ज, ओळखपत्रं, सहीची पडताळणी असं सगळं करून. रविवारच्या धडाक्यात हा लखोटा रद्दीच्या वजनात गेला असता.

शेवटचा पंधरवडा

तारीख पडली आणि अख्खी इमारत एकदम जागी झाली. जिन्यात कपाटं, शोकेस, पलंग. इथे एक गोष्ट नीट बघायला मिळाली. एकाच इमारतीतली सगळी घरं एकाच आठवड्यात विकायला निघतात तेव्हा भाव भंगारवाला ठरवतो. हिवाळ्यात मावशीच्या लोखंडी कॉटला जो भाव मिळाला, त्याच्या निम्म्यालाही शेजारच्यांची कॉट गेली नाही. सनमायका लावलेल्या प्लायवूडच्या शोकेसला तर कोणी घ्यायलाच तयार नव्हतं. तिसऱ्या मजल्यावरून खाली न्यायचेच पैसे मागत होते. लोखंडी कपाटाला गिऱ्हाईक असतं, प्लायवूडला नसतं, हे फर्निचर करून घेताना कोणी सांगत नाही. जुन्या बाजारात बुधवार-रविवारी काही खपतं, पण तिथवर न्यायला टेंपो लागतो आणि शेवटच्या आठवड्यात टेंपोवाल्यांचेही भाव चढलेले होते.

मावशीकडे तोवर उरलं होतं ते न्यायचंच सामान. पॅकर्सचा तोच माणूस पुन्हा आला आणि या वेळी चौदा फुटी गाडी पुरेल म्हणाला. गाडी सकाळी भरली, दुपारी रिकामी झाली आणि त्या रात्री मावशी-काका नव्या घरात स्वतःच्या पलंगावर झोपले. समोरच्या घरातले आजोबा आठवडाभर मुलीकडे होते, कारण त्यांचं सामान दोन गोदामांत विभागून ठेवावं लागलं.

सगळं सुटलं असं नाही. फोमची गादी शेवटी पैसे देऊन उचलावी लागली. वाईहून निघालेल्या मराठी विश्वकोशाचे खंड काकांनी एकही न सोडता नेले. तो सगळा आता इंटरनेटवर फुकट वाचता येतो हे सांगून झालं आहे. त्यांचं म्हणणं, इंटरनेटवर समास लिहिता येत नाहीत. भाड्याच्या घरात त्यांनी एक अख्खी भिंत अडवली आहे. दिराचं घंगाळ अजून वादात आहे : मोडीत दिलेलं नाही, नेलेलंही नाही, सध्या माझ्या बाल्कनीत आहे.

आवक थांबवायचं काम मात्र मावशीने मनावर घेतलं आहे. संक्रांतीला तिने वाण म्हणून पाव किलो गुळाची ढेप लुटली. दोघी-तिघींनी नाकं मुरडली. तिलाही बदल्यात पाच प्लास्टिकची डबडी आणि एक फ्रीजला लावायचं लोहचुंबक मिळालं, ते दुसऱ्या दिवशी कुकर चढवल्यावर सतरंजीवर आलं. शेअरच्या अर्जाला कंपनीच्या शेअरच्या नोंदी ठेवणाऱ्या रजिस्ट्रारकडून सही जुळत नसल्याचं पत्र आलं आहे. काका बँकेतून सही साक्षांकित करून आणणार आहेत, पुढच्या आठवड्यात.